वेन्सशायरला चौथी हाक

१

दर सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठ वाजता मी कवायत हॉल उघडते, चहाचं मोठं स्टीलचं पिंप चालू करते आणि खुर्च्या मांडायला घेते. एकवीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढण्यात गेली. चाळीस म्हाताऱ्यांचा चहा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

आमच्या हॉल्टबेक गावाला दोनच गोष्टींचा अभिमान, मेंढ्या आणि पलटण. त्यातल्या मेंढ्यांचं नाव निदान कुणी बदललं नाही. पलटणीचं मात्र सरकारने दर काही वर्षांनी बारसं केलं. पहिल्यांदा ती ज्या कर्नलने उभी केली त्याचंच नाव तिला होतं, ऑर्डची पलटण. मग नुसता आकडा मिळाला, एकशेसतरावी पायदळ. १८८१ साली लंडनमधल्या कुणा शहाण्याने आकडे पुसून जिल्ह्यांची नावं दिली आणि ती वेन्सशायर पायदळ झाली. सत्याहत्तर वर्षं हेच नाव टिकलं. दोन्ही महायुद्धं याच नावाने लढली. १९५८ साली शेजारच्या लॅमरशायरच्या पलटणीशी लग्न लावून दिलं आणि जोडनाव आलं. पुढे तेही गेलं आणि उत्तर दऱ्यांची पलटण आली. आणि आता जे नाव आहे ते एका दमात म्हणता येत नाही. राजघराण्याची उत्तर पलटण, बटालियन तिसरी, कंसात वेन्स, लॅमर आणि दऱ्या.

"हे नाव आहे की पोस्टाचा पत्ता?" माझे बाबा विचारायचे.

बाबा म्हणजे सार्जंट विल्फ ग्रेस्टोक. अठराव्या वर्षी वेन्सशायर पायदळात गेले आणि ज्या दिवशी नाव बदललं त्या दिवशी टोपीचा बिल्ला खिशात घालून घरी आले. पुढची पस्तीस वर्षं बस चालवली. जोडनावाच्या शिपायांना ते आयुष्यभर 'पोरं' म्हणत आले. त्यातलं सगळ्यात मोठं पोर म्हणजे एकोणऐंशी वर्षांचे माजी सार्जंट-मेजर डग्लस ओट्स. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही.

सप्टेंबरच्या त्या शनिवारी जुने शिपाई जमतात ते मटणाचा पाय खायला, असं मी चेष्टेने म्हणते. खरं कारण म्हणजे हाक. हॉलच्या भिंतीवर खुंट्या आहेत आणि त्यांवर पलटणीच्या नावांच्या लाकडी पाट्या. बरोबर अकरा वाजता जुन्या शिपायांच्या संघाचा चिटणीस एकेक नाव पुकारतो, नव्यापासून जुन्याकडे. ज्यांनी त्या नावाखाली नोकरी केली ते ओरडतात, "हजर!" प्रत्येक नावाला तीनदा हाक. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही तर पाटी उतरवायची आणि कपाटात पालथी ठेवायची. ते नाव पुन्हा कधी पुकारायचं नाही. ऑर्डची पाटी कधीच गेली. एकशेसतरावीची माझ्या आजोबांच्या देखत गेली. चार वर्षांपासून वेन्सशायर पायदळाच्या हाकेला एकटे बाबा उभे राहायचे. खुबा बदललेला, त्यामुळे मी मागे खुर्ची ठेवायची. पण विसर्जनाचा, म्हणजे रांग मोडायचा, हुकूम होईपर्यंत त्यांनी बूड टेकलं नाही.

विसर्जनाचीही रीत आहे. आधी सगळ्यात जुनं नाव सुटतं, मग त्यानंतरचं. प्रत्येक नावाला त्याच नावाचा माणूस हुकूम देतो. बाबा एकटेच, म्हणून ते स्वतःच ओरडायचे, "वेन्सशायर, विसर्जन!" आणि स्वतःच उजवीकडे वळून जेवणाच्या टेबलाकडे चालू लागायचे. सगळे हसायचे. बाबाही हसायचे, पण पाठ ताठ ठेवून.

बाबांचे पाय थकल्यावर त्यांचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. बाई हाक मारणार म्हणून कुरकूर झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "हाक मारायला घसा लागतो. माझ्या पोरीने तीनशे पोरांना वाटाण्यांसाठी रांगेत उभं केलंय. तुमच्यात कुणी केलंय?" कुरकूर थांबली.

२

बाबा ऑगस्टमध्ये गेले. एक्याण्णव वय, फुप्फुसात पाणी. शेवटच्या दिवसांत त्यांचं डोकं अगदी ताळ्यावर होतं.

"ग्लेंडा," ते म्हणाले, "तीनदा मार. घाई करू नकोस, मधे वेळ दे. मग पाटी उतरव आणि जेवायला बसा. रडारड नको."

"तुम्हाला वाईट नाही वाटत, बाबा? नाव जाणार."

"नाव म्हणजे काय गं, डगला. थकल्यावर काढायचाच असतो."

बाबांची तयारी होती. माझी नव्हती, हे आता कबूल करायला हवं.

तीन आठवड्यांनी मी हॉल उघडला, पिंप चालू केलं, खुर्च्या मांडल्या. उत्तरेकडच्या टोकाला बाबांची खुर्चीही मांडून बसले. सवयीचा हात. मग काढावीशी वाटेना.

अकरा वाजता हाक सुरू झाली. नव्या लांबलचक नावाला सात तरण्या पुरुषांनी "हजर" म्हटलं. त्यांत गॅरेथ मॉस होता. याला मी सहा वर्षं शाळेत जेवू घातलंय. उत्तर दऱ्यांना पंधरा जण बोलले. जोडनावाला ओट्ससाहेब आणि बाकीचे बारा.

मग मी म्हटलं, "वेन्सशायर पायदळ!"

कुणी बोललं नाही. बाबांनी सांगितलं होतं तसा वेळ दिला.

"वेन्सशायर पायदळ!"

पिंपातलं पाणी उकळत होतं, तेवढाच आवाज.

"वेन्सशायर पायदळ!"

सगळे खाली बघत होते. ओट्ससाहेब पाटी उतरवायला भिंतीकडे निघाले, त्यांच्या काठीचे ठोके मला ऐकू येत होते. त्यांनी हात वर केला आणि माझा धीर सुटला. मी लहानपणी जिन्यातून बाबांना हाक मारायचे तसा आवाज निघाला, चिटणिसाचा नव्हे.

"वेन्सशायर पायदळ!" मी चौथ्यांदा म्हटलं.

"हजर."

मोठ्याने नव्हे. घसा बसलेल्या, दमलेल्या माणसासारखं. उत्तरेकडच्या टोकाकडून आलं.

३

सगळे मॉसकडे वळले, कारण मॉस नकला करतो. स्वतःच्या लग्नात त्याने बाबांची नक्कल करून बाबांनाच हसवलं होतं.

"मावशी, मी नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आईशपथ. असली थट्टा मी करीन का?"

ओट्ससाहेबांचा हात अजून पाटीवर होता. त्यांनी तो हळूच काढून घेतला. नियम साधा आहे, उत्तर आलं की पाटी राहते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग विसर्जन. सगळ्यात जुनं नाव आधी. मी थांबले. हुकूम देणारं त्या नावाचं कुणी नव्हतं.

"पुढचं घे," ओट्ससाहेब म्हणाले. त्यांनी जोडनावाला सोडलं, मग दऱ्या सुटल्या, मग मॉसने आपल्या लोकांना सोडलं. जेवताना मीठ द्या नि ब्रेड द्या यापलीकडे कुणी बोललं नाही. एरवी तीनपर्यंत रेंगाळणारे दीड वाजता आपापल्या गाड्यांत बसले.

मी भांडी घासली आणि स्वतःची समजूत घातली. जुना हॉल, उंच छत, आवाज फिरतो. कुणीतरी पुटपुटलं असेल. माणूस दुःखात असला की हवं ते ऐकतो. हे सगळं मला पटलं. मग मी बाबांची खुर्ची दुमडायला उत्तरेच्या टोकाला गेले. खुर्चीला हात घालायला वाकले आणि तोंडातून निघून गेलं, "सॉरी हं."

रांगेत उभ्या माणसाच्या पुढ्यातून जाताना आपण म्हणतो तसं.

मी तशीच थांबले. समोर फरशी होती, लाकडी फळ्यांची, मीच पुसलेली. कुणाची माफी मागितली मी? खुर्ची तिथेच ठेवून मी बाहेर आले आणि कुलूप लावलं.

४

हॉल संघाचा असला तरी आठवडाभर गाव वापरतं. बुधवारी सकाळी बेथनी नावाची मुलगी तान्ह्या आणि चालत्या पोरांचा वर्ग घेते. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी तिने मला दुकानात गाठलं.

"ग्लेंडाताई, ती खुर्ची तुमची आहे का? काढू का?"

"अडचण होते का?"

"नाही, अडचण नाही. पण पोरं तिकडे जात नाहीत." ती हसली. "जाऊ दे, मला वेडी म्हणाल."

"तू कालपरवापर्यंत माझ्याकडे दुसऱ्यांदा पुडिंग मागायचीस. मी तुला काहीही म्हणू शकते. बोल."

"येऊन बघा ना."

पुढच्या बुधवारी गेले. वीस-पंचवीस पोरं, दोन-तीन वर्षांची. पळत सुटली की भिंतीपर्यंत जाऊन थांबायची, पोरं अशीच असतात. पण ही पोरं उत्तरेच्या टोकाला भिंतीच्या बरीच अलीकडे वळत होती, सगळी एकाच जागी. टेबलाला वळसा घालावा तशी. तिथे टेबल नव्हतं. बेथनीने एक चेंडू तिकडे घरंगळवला. तो मधेच थांबला, बुटाला अडल्यासारखा.

"फरशीला उतार असेल," मी म्हटलं.

"उतार असला तर पुढे नाही का जाणार?" बेथनी म्हणाली.

लाल स्वेटर घातलेली एक चिमुरडी त्या जागेच्या कडेने चालत होती. तीन पावलं चालायची, थांबायची, मान वर करून बघायची. पुन्हा तीन पावलं, पुन्हा मान वर. मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांकडे पोरं बघतात तशी. एका ठिकाणी तिने हात हलवून टाटा केलं.

"पहिल्या आठवड्यात फक्त खुर्चीपाशी होतं," बेथनी हळू आवाजात म्हणाली. "मागच्या बुधवारी तिसऱ्या खिडकीपर्यंत आलं. आज चौथीपर्यंत आहे."

महिनाअखेर बेथनीने वर्ग चर्चच्या खोलीत हलवला. कारण विचारलं तर सांगायची की हॉल गार पडतो. पोरं दक्षिणेच्या भिंतीला चिकटून बसायला लागली होती, हे तिने फक्त मला सांगितलं.

५

मी ओट्ससाहेबांकडे गेले. ते स्वयंपाकघरात बूट चमकवत बसले होते. त्यांना जायचं कुठेच नव्हतं, पण बूट रोज चमकवायचे. मी बसायच्या आधीच म्हणाले, "मला वाटलंच तू येणार."

"साहेब, तो आवाज कुणाचा होता?"

"तुला माहीत आहे कुणाचा होता." ब्रश थांबला नाही. "पोरी, तीन हाका झाल्या की माणूस सुटतो. तू चौथी मारलीस. चौथी मारली म्हणजे काम निघालं."

"कसलं काम?"

"ते मला काय विचारतेस? बोलावलंस तू."

मला रडू कोसळलं. नवरा गेला तेव्हा मी लोकांसमोर रडले नव्हते, पण त्या मेणाच्या वासात, त्या काळ्या बुटांपुढे रडले. मग राग आला, आणि तो बरा वाटला.

"मग तुम्ही सोडा त्यांना. एकच शब्द आहे. चला, आत्ता जाऊन म्हणा."

"मी जोडनावाचा. त्रेसष्ट सालचा. ज्येष्ठ नावाला कनिष्ठाने हुकूम द्यायचा नसतो."

"ज्येष्ठ-कनिष्ठ घाला चुलीत! माझा बाप उभा आहे तिथे! चार मिनिटं उभा राहिला तर रात्रभर कण्हायचा तो. सात आठवडे झाले, साहेब."

ओट्ससाहेबांनी बूट पायात घातले.

आम्ही दुपारी दोनच्या सुमारास पोचलो. चांगलं ऊन होतं, खिडक्यांतून फरशीवर चौकोन पडले होते. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. ओट्ससाहेबांनी उंबऱ्यापर्यंत पाऊल टाकलं, काठी माझ्या हातात दिली आणि सावधान उभे राहिले. एरवी त्या माणसाला काठीशिवाय बाथरूमपर्यंत जाता येत नाही.

बराच वेळ ते तसेच उभे होते. ओठ हलत होते, मोजल्यासारखे.

"तुम्हाला दिसतंय का?" मी कुजबुजले.

"नाही. दिसत काही नाही. पण माणसं किती उभी आहेत ते कवायतीतल्या माणसाला कळतं. आंधळा झाला तरी कळतं."

"किती आहेत?"

"रांगा संपत नाहीत, ग्लेंडा. भिंतीच्या पलीकडेही आहेत."

"आणि बाबा?"

"पुढे उजवीकडे. सार्जंटची जागा. ताठ उभा आहे म्हातारा."

"हुकूम द्या, साहेब. पाया पडते तुमच्या."

त्यांनी तोंड उघडलं. मी ते पाहिलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, छाती भरली, पण आवाज काही फुटला नाही. मग ते एक पाऊल मागे आले आणि एकदम एकोणऐंशी वर्षांचे झाले. गाडीत बसवताना म्हणाले, "माझं ऐकणार नाहीत ते. आणि ऐकलं नाही तर उद्यापासून मी कोण?"

मला त्यांचा संताप आला होता. आता येत नाही. माणसाकडे शेवटी एवढंच उरतं.

६

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेचा माणूस इमारत तपासायला आला. गुडघ्यावर बसून त्याने फरशीवर पट्टी धरली, डोळा बारीक केला.

"इथे काय ठेवलं होतं तुम्ही? पियानो?"

"एक खुर्ची."

"छे. फळ्या दबल्यात. मोठं ओझं आहे, तेही पसरलेलं, या टोकापासून पार इथवर." त्याने हात पिंपाच्या टेबलाकडे केला. "काही दिवस हॉल बंद ठेवा."

तो गेल्यावर मी आतच राहिले. मंगळवार होता, दुपारचा दीड. शेजारच्या अंगणात कुणीतरी पानं गोळा करत होतं, त्याच्या दाताळ्याचा आवाज येत होता. मी पिंपाच्या टेबलापाशी होते कारण उभं राहायला तेवढीच जागा वाटत होती. फरशी रिकामी होती. मी डोळ्यांनी बघत होते, ती रिकामी होती. आणि तरी पुढे पाऊल टाकायला मला जागा नव्हती.

अगदी बारीक आवाज होते. फळी करकरायची, मग दूर दुसरी. अनेक माणसं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतात तसे. मधेच एक आवाज वेगळा होता. जवळून, उजवीकडून. श्वास धरून ठेवलेल्या माणसाचा, दुखतंय पण सांगायचं नाही अशा माणसाचा. तो मी सहा वर्षं रोज पहाटे शेजारच्या खोलीतून ऐकला होता.

मी सगळा घसा पणाला लावून ओरडले, "वेन्सशायर, विसर्जन!"

करकर थांबली. तेवढंच झालं. चुकीच्या माणसाने हुकूम दिला तर शिकलेले शिपाई जसे जागचे हलत नाहीत, तसं.

"वेन्सशायर, विसर्जन!"

मी वळून टेबलाला धरलं. पिंप समोर होतं. आदल्याच दिवशी घासलेलं, फुगीर, चकचकीत. त्यात मी दिसत होते, वाकडी आणि बुटकी, आणि माझ्या पाठीमागे हॉल. खिडक्या दिसत नव्हत्या. खिडक्यांच्या उंचीपर्यंत सगळं तपकिरी होतं, खांद्याला खांदा लावलेलं, दारापासून भिंतीपर्यंत, आणि त्या तपकिरीवर बोटाएवढे फिकट ठिपके, सगळे माझ्या दिशेने वळलेले.

मी डोळे मिटले. ओरडायला हवं होतं, पळायला हवं होतं. पण उजवीकडून तो श्वास पुन्हा आला, धरलेला, आणि मला भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. एक्याण्णव वर्षांच्या माणसाला मी उठवून उभं केलं होतं. त्याने डगला काढला होता, मीच पुन्हा चढवला. का, तर मला तो आवाज आणखी एकदा ऐकायचा होता.

हुकूम माझा नव्हताच. मी शिपाई नाही. मी त्यांची मुलगी आहे.

"बाबा," मी म्हटलं. साध्या आवाजात, दवाखान्यातून आणायला गेल्यावर म्हणायचे तसं. "बास झालं. घरी चला."

एक क्षण काही झालं नाही. मग सबंध हॉलभर, माझ्या पाठीमागे, एका वेळी, टाचा वळल्या.

७

मी मागे पाहिलं नाही. पर्स उचलली, दार सताड उघडलं आणि चालू लागले. हॉलपासून माझं घर सात मिनिटांवर, बाजाराच्या रस्त्याने. पावलांचा आवाज होता असं म्हणता येणार नाही. रस्ता माझ्या तळव्यांखाली किंचित हलत होता, एका तालात. चौकात सिग्नल हिरवा होता तरी गाड्या थांबल्या. पहिल्या गाडीतली बाई स्वतःशीच गोंधळली होती, आपण का थांबलो तिला कळत नव्हतं. मी पलीकडे गेले, पुलावर पोचले, कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर गाड्या अजून थांबलेल्याच होत्या. कुणीतरी मागून भोंगा वाजवत होतं.

मी घराचं दार उघडलं आणि धरून उभी राहिले.

"या बाबा," मी म्हटलं.

माझ्या हाताशेजारून गारवा आत गेला. पायपुसण्यावर दोनदा घासल्याचा आवाज झाला. मग पुन्हा गारवा, पुन्हा दोनदा. मग पुन्हा. प्रत्येक जण पाय पुसून जात होता, आईने शिकवलं तसं. काहीजण उंबऱ्यावर जरा थांबायचे, अवघडल्यासारखे. "या, या," मी म्हणत होते. परक्या घरात पोरं लाजतात, आपण बोलावं लागतं. माझं घर खाली दोन खोल्या, वर दोन. ते कुठे मावतात हे मी वळून पाहिलेलं नाही.

संध्याकाळी मला खुर्ची ओढून घ्यावी लागली. आज तिसरा दिवस. हे मी दारातच, मांडीवर वही ठेवून लिहिते आहे. पायपुसणं विरून गेलंय, त्याखालचा दगड दिसतो. मॉस जेवण घेऊन आला होता. फाटकापर्यंत आला, डबा कुंपणावर ठेवला आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडून म्हणाला, "मावशी, दार लावून घे ना! आलेत ना विल्फकाका आत?"

दर वेळी गारवा हाताला लागला की मला वाटतं, हे बाबा असतील. पण मला माझा बाप माहीत आहे. सार्जंट होता तो. आपली सगळी माणसं आत गेल्याशिवाय सार्जंट उंबरा ओलांडत नाही. बाहेर रस्त्यावर, रांगेच्या अगदी टोकाला, त्या खुब्यावर तो अजून उभाच आहे. आणि चर्चमधल्या, लढाईत पडलेल्यांच्या जाड पुस्तकात वेन्सशायर पायदळाखाली सात हजार नऊशे नावं आहेत.

"नाही रे," मी मॉसला म्हटलं. "अजून यायचेत."